पुढच्या सिग्नलपर्यंतचा राग

वाचकाचे पत्र, थोडक्यात: छत्रपती संभाजीनगरच्या सिडको भागात राहणारे आणि वाळूजच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात पर्यवेक्षक असलेले बेचाळीस वर्षांचे एक वाचक लिहितात की, गेली अठरा वर्षे ते रोज जालना रोडने, क्रांती चौक, छावणी, नगर नाका असे करत कामावर जातात आणि आजवर त्यांना एकदाही दंड झालेला नाही. "मी पन्नासच्या वर जात नाही, उजव्या बाजूने शांतपणे जातो, तरी रोज कोणीतरी कट मारून जातोच," असे त्यांचे म्हणणे आहे. काही महिन्यांपूर्वी सेव्हन हिल्सच्या उड्डाणपुलावरून उतरताना एका पांढऱ्या मोटारीने इतक्या जवळून गाडी घातली की आरशाला आरसा घासला. गाडीत पत्नी होती आणि मागे नऊ वर्षांची मुलगी. त्यांनी त्या मोटारीचा पाठलाग केला, पुढच्या सिग्नलला ती उभी दिसताच उतरून तिची काच वाजवली, आतल्या विशीतल्या मुलाशी शिवीगाळ झाली, कॉलर धरली गेली आणि शेवटी दोन रिक्षावाल्यांनी मध्ये पडून सोडवले. घरी आल्यावर मुलीने विचारले, "बाबा, तुम्ही त्याला मारणार होता का?" त्या दिवसापासून पत्नी त्यांच्या गाडीत बसत नाही, दिवाळीला ती मुलीला घेऊन एसटीने गेवराईला माहेरी गेली. एसटीत चालक म्हणून निवृत्त झालेले त्यांचे वडील या सगळ्यावर फक्त "जाऊ दे त्याला फुडं" एवढेच म्हणतात, आणि ते वाक्य त्यांना अजिबात पटत नाही. त्यांचा प्रश्न असा: नियम पाळणाऱ्यांनी रस्ता गुंडांना मोकळा करून द्यायचा, हा कुठला न्याय? डॅशकॅम बसवून रोज तक्रारी करू, की गाडी चालवणेच सोडून देऊ?

उत्तर:

नमस्कार. तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्यांदा वाचताना मी पूर्णपणे तुमच्या बाजूचा होतो, कारण सायंकाळी साडेसहा वाजता जालना रोडवर गाडी चालवलेल्या कोणत्याही माणसाला तुमचा संताप वेगळा समजावून सांगावा लागत नाही. दुसऱ्यांदा वाचताना मात्र मी तुमच्या मुलीच्या प्रश्नापाशी अडलो. पांढरी मोटार कशी आली, किती अंतरावरून आली, तिचा आरसा कुठे घासला, हे तुम्ही बारकाईने लिहिले आहे. मुलीला तुम्ही काय उत्तर दिले, हे मात्र लिहिलेले नाही. त्याकडे मी शेवटी येतो.

आधी तुमचे जे बरोबर आहे ते मान्य करायला हवे. धोका काल्पनिक नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्ते अपघातांत मृत्यू पावली आणि त्यांतले सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खाती नोंदले गेले. मोटार वाहन कायद्याचे कलम १८४ धोकादायक वाहन चालवण्याविषयी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लाल सिग्नल तोडणे, हातात मोबाइल धरून गाडी चालवणे, नियम सोडून ओव्हरटेक करणे आणि वाहतुकीच्या उलट दिशेने येणे या गोष्टी त्या कलमात स्पष्टपणे आल्या आहेत, आणि पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. तेव्हा त्या मुलाने जे केले तो तुमच्या मनाचा खेळ नव्हता, कायद्याच्या भाषेतही ते वाईट होते. अडचण एवढीच आहे की, त्यानंतरच्या दीड-दोन मिनिटांत तुम्ही ज्या पद्धतीने गाडी पळवली असेल, तीही बहुधा त्याच कलमात बसते.

आता "कट मारणे" या आपल्या शब्दाकडे जरा पाहू. आपल्याकडे हा शब्द उच्चारताना आपण नकळत असे गृहीत धरतो की, समोरच्याने आपल्याला पाहिले, जोखले आणि मुद्दाम खिजवण्यासाठी गाडी घातली. वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर "गाडीला कट मारल्याच्या कारणावरून" या शब्दांनी सुरू होणाऱ्या बातम्या तुम्हीही वाचत असाल, आणि त्या बातम्यांचा शेवट कुठे होतो हेही तुम्हाला ठाऊक असेल. माझा अनुभव मात्र असा आहे की, दहांतल्या आठ-नऊ वेळा कट मारणाऱ्याने आपल्याला पाहिलेलेच नसते. तो फोनवर असतो, पुढच्या रिक्षाला चुकवत असतो, सिग्नलचे शेवटचे चार आकडे पाहत असतो. तुम्ही त्याच्या लेखी अपमान करण्याइतकेही अस्तित्वात नव्हता. हे ऐकायला अधिक बोचरे वाटेल, पण वागणे कसे ठेवायचे हे ठरवताना त्याचा फार उपयोग होतो. ज्याने अपमान केला त्याला जाब विचारावासा वाटतो. ज्याने पाहिलेच नाही त्याच्यापासून फक्त लांब राहायचे असते. दुभाजकाला टेकून रवंथ करत बसलेला पोळ अचानक उठून गाडीसमोर आला, तर आपण ब्रेक मारतो, चार शब्द पुटपुटतो आणि निघून जातो. खाली उतरून त्याची काच वाजवायला जात नाही. (त्याला काच नसते हा भाग वेगळा.)

एक जुना प्रसंग सांगतो, कारण तेव्हा मीही तुमच्यासारखाच तावातावाने उतरलो होतो. जानेवारीतली रात्र होती, पैठणहून परत येत होतो आणि रस्त्याच्या मधोमध काहीतरी काळेकभिन्न सरकते आहे, एवढेच मला फार उशिरा कळले. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या एका ट्रॅक्टरला जोडलेल्या, मागे दिवा नाही, परावर्तक नाही. पाचटाच्या कडेला दोऱ्याने टांगलेली एक जुनी सीडी तेवढी माझ्या हेडलाइटमध्ये क्षणभर चमकली आणि तिने मला वाचवले. पुढे चहाच्या टपरीवर तो ट्रॅक्टर थांबला तेव्हा मी त्या चालकाला गाठले. पोरगा थकून गेलेला होता. डोळे लाल होते, पण ते झोपेने. पैसे टनावर मिळतात, कारखान्यावर नंबर लावून तासन्‌तास थांबावे लागते, आणि दिवसात एक खेप कमी झाली तर डिझेल निघत नाही, असे त्याने सांगितले. ती सीडी त्यानेच टांगली होती, कारण मागचा दिवा खळ्यात ट्रॉली उलटी घेताना फुटला होता आणि मालकाने नवा बसवला नव्हता. मी त्याला माफ केले असे नाही. दिवा नसलेली ट्रॉली रात्री रस्त्यावर आणणे हे माणूस मारण्याच्या तयारीइतकेच गंभीर आहे, असे मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो. पण भांडायला म्हणून जो माणूस मी मनात धरून उतरलो होतो, तो त्या टपरीवर नव्हता. खेपेवर पैसे मिळणारा हायवावाला, म्हणजे मोठ्या डंपरचा चालक, सीट भरल्याशिवाय न निघणारा आणि निघाल्यावर भरधाव जाणारा काळीपिवळीवाला, पाळीची वेळ गाठण्यासाठी कंपनीची बस दामटणारा चालक, यांच्या मागे कोणीतरी घड्याळ किंवा वजनकाटा घेऊन बसलेला असतो, आणि त्याच्यापर्यंत आपण रस्त्यात भांडून कधीच पोहोचत नाही.

दुसरी गोष्ट थोड्या संकोचाने लिहितो, रागावू नका. "पन्नासच्या वर जात नाही, उजव्या बाजूने शांतपणे जातो" हे वाक्य तुम्ही स्वतःच्या निर्दोषपणाचा पुरावा म्हणून दिले आहे. आपल्याकडे वाहन डावीकडून चालवायचे असते आणि पुढच्याला उजवीकडून ओलांडायचे असते. रस्ता मोकळा असताना दुभाजकाच्या कडेची लेन धरून संथ चालणारी गाडी मागच्या प्रत्येकाला डावीकडून जायला भाग पाडते, आणि डावीकडे तर दुचाक्या, रिक्षा, हातगाड्या आणि बसमधून उतरणारी माणसे असतात. तुमचा वेग योग्य आहे; जागा योग्य नाही. रोज कोणीतरी तुम्हालाच कट मारतो, यातल्या काही प्रसंगांचे उत्तर इतके साधे असू शकते. महिनाभर डावीकडची लेन धरून पाहा. उजवीकडे वळायचे असेल किंवा कोणाला ओलांडायचे असेल तेव्हाच उजवीकडे जा. दिवसाला किती कट बसतात हे मग पुन्हा मोजा.

आता वडिलांच्या वाक्याकडे येऊ, कारण मला वाटते तुमचा खरा वाद त्या मुलाशी नसून त्या वाक्याशी आहे. "जाऊ दे त्याला फुडं" हे तुम्हाला शरणागतीसारखे ऐकू येते. एसटीत विनाअपघात सेवेसाठी चालकांना बिल्ला मिळतो, हे तुम्हाला घरूनच माहीत असणार. चाळीस-पन्नास माणसे मागे घेऊन, अरुंद रस्त्यांवर, पोळ्याच्या दिवशी बैलांच्या मिरवणुकीतून आणि लग्नसराईत वरातीतून ज्या माणसाने वर्षानुवर्षे गाडी काढली, त्याने "जाऊ दे" म्हणताना काहीही सोडून दिलेले नसते. स्वतःभोवतीची जागा राखण्याचा तो धंद्यातला शब्द आहे. समोरचा चुकला तरी त्याच्या चुकीसाठी पुरेल एवढी जागा आपल्यापाशी हवी, हे त्यांनी स्टिअरिंगवर शिकलेले असते, फक्त ते आपल्यासारखे लांबलचक वाक्यांत सांगत नाहीत. एखाद्या रविवारी त्यांना शेजारी बसवून गाडी चालवा आणि ते कुठे कुठे पाय दाबतात ते पाहा. मोटारीच्या डाव्या सीटपुढे ब्रेक नसतो, तरी जुना चालक तिथे पाय दाबतोच. तो जिथे दाबेल तिथे तुम्ही वेग कमी करायला उशीर केलेला असेल.

ही जागा म्हणजे नेमकी किती, तेही पाहू. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरहून अधिक पुढे जाते. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंत साधारण एक सेकंद जातो, आणि त्यानंतर कोरड्या रस्त्यावर गाडी पूर्ण थांबायला आणखी वीसेक मीटर लागतात. म्हणजे एकामागे एक तीन एसटी बस उभ्या केल्या तर जेवढी लांबी होईल, तेवढे अंतर. वेग दुप्पट केला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. पाठलाग करताना माणूस नेमके हेच विसरतो. यासाठी सोपी रीत अशी की, पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मनात "एक हजार एक, एक हजार दोन" म्हणायचे. हे म्हणून होण्याआधी तुम्ही त्या खांबापाशी पोहोचलात तर तुम्ही फार जवळ आहात. पावसात हेच चार आकड्यांपर्यंत मोजावे.

यावर तुमचा आक्षेप मला इथे बसून ऐकू येतो: एवढे अंतर ठेवले की मध्ये कोणीतरी घुसतोच. घुसतो, खरे आहे. त्याचा हिशेब तुमच्यासारख्या आकडेमोडीच्या माणसाने करून पाहावा. एक गाडी मध्ये आली की पुन्हा अंतर पाडण्यासाठी तुमचे दोन सेकंद जातात. सिडकोपासून वाळूजपर्यंत पंधरा गाड्या मध्ये घुसल्या तरी अर्धा मिनिट झाला. अर्धा मिनिट म्हणजे नगर नाक्याच्या सिग्नलला आपण न कुरकुरता जेवढे थांबतो त्याहूनही कमी. आणि ज्या पांढऱ्या मोटारीने तुमचा आरसा घासून घाई केली, ती तुम्हाला कुठे सापडली? पुढच्याच सिग्नलला. त्याच्या सगळ्या धडपडीची कमाई एवढीच होती, आणि हे तुम्हीच पत्रात लिहिले आहे.

तरीही काही प्रसंग असे येतात की केवळ अंतर पुरत नाही. मागून एखादी गाडी बंपरला चिकटून डिपर मारत असेल, तर त्याला धडा शिकवण्यासाठी अचानक ब्रेक दाबणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे. वेग सावकाश कमी करावा, डावा इंडिकेटर द्यावा आणि त्याला जाऊ द्यावे. समोरून कोणी लाइट अप्पर ठेवून येत असेल तर आपणही अप्पर करून दोघांनीही आंधळे होण्यापेक्षा नजर रस्त्याच्या डाव्या कडेच्या पट्ट्यावर आणावी आणि वेग उतरवावा. कोणी तुमच्याच मागे लागले असेल, तर काचा वर, दारे आतून बंद, नजरानजर नाही, हातवारे नाहीत. घरच्या गल्लीत मुळीच वळू नका, माणसांची वर्दळ असलेल्या पेट्रोल पंपावर किंवा पोलीस चौकीसमोर गाडी न्या आणि शेजारी बसलेल्याला ११२ लावायला सांगा. त्या दिवशी त्या मुलाच्या सीटखाली काय होते हे तुम्हाला माहीत नव्हते. ते दोन रिक्षावाले नसते तर काय झाले असते, याचा विचार तुम्ही नक्कीच केला असेल, म्हणूनच तुम्ही हे पत्र लिहिले आहे असे मला वाटते.

हे सदर वाचणाऱ्यांत मोटारीवाल्यांपेक्षा दुचाकीवाले अधिक आहेत, म्हणून थोडे त्यांच्यासाठी. हायवा किंवा लांब ट्रक डावीकडे वळताना त्याचे मागचे चाक पुढच्या चाकाच्या मागोमाग जात नाही, ते आतून कापत जाते. त्यामुळे वळणावर ट्रक आणि रस्त्याची कडा यांच्यामध्ये जी मोकळी जागा दिसते ती मोकळी नसते, ती चाकाची असते. ज्या ट्रकच्या आरशात तुम्हाला चालकाचा चेहरा दिसत नाही, त्या चालकाला तुम्हीही दिसत नाही. हेल्मेट आयएसआय चिन्हाचे घ्यावे आणि पट्टा हनुवटीखाली लावावा. कोपरात अडकवलेले हेल्मेट फक्त चौकातल्या पोलिसासाठी असते. वाळूजच्या रस्त्यावर पाळी सुटल्यावर लांबचा वळसा वाचवण्यासाठी अनेकजण राँग साइडने येतात, तेव्हा मुख्य रस्त्याला लागताना केवळ उजवीकडे पाहून भागत नाही, डावीकडेही पाहावे लागते. हे लिहिताना मला लाज वाटते, पण ज्याचा पाय मोडायचा आहे त्याला माझ्या लाजेचा काय उपयोग.

आता तक्रारींचे. डॅशकॅम जरूर घ्या, पण तो साक्षीदार म्हणून ठेवा, फिर्यादी म्हणून नको. कॅमेरा बसवल्यावर काही माणसांचे लक्ष रस्त्यावरून उडते आणि ते दिवसभर गुन्हेगार शोधत फिरतात. तुमच्या पत्राचा सूर पाहता तुम्हाला हा धोका अधिक आहे. अपघात झाला किंवा कोणी खोटा आरोप केला तर चित्रण कामाला येईल. एरवी ते पाहूही नका. एखादा चालक डोळ्यांसमोर जीवघेणे वागत असेल, म्हणजे ट्रक नागमोडी चालला आहे, चालक प्यालेला दिसतो आहे, तर ११२ वर लगेच कळवावे. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा मदत क्रमांकही आहे. वाहनाचा पूर्ण क्रमांक, ठिकाण, वेळ आणि तो कोणत्या दिशेने चालला आहे, या चार गोष्टी सांगितल्या तरच पुढे काही होऊ शकते. "एमएच-२० ची पांढरी कार" एवढ्यावर या शहरात काहीच सापडणार नाही. राज्य वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक अ‍ॅपवर नागरिकांना छायाचित्रासह नियमभंग कळवण्याची सोय दिलेली आहे. हे सगळे गाडी बाजूला उभी करून किंवा शेजारच्याने करायचे आहे, हे वेगळे सांगायला नको. एकट्याने चालवत असाल तर जाऊ द्या.

परंतु माणसांच्या तक्रारींपेक्षा तुम्ही अधिक मोलाचे काम करू शकता असे मला वाटते, आणि ते तुमच्या नोकरीतूनच सुचते. तुमच्या कारखान्यात "निअर मिस" ची नोंद ठेवली जात असेल: वरून पाना पडला, कोणाला लागला नाही, तरी तो लिहायचा. तिथे कोण चुकला हे आधी विचारत नाहीत. कुठे, किती वाजता, कशामुळे, हे विचारतात. घरी एक वही करा आणि रस्त्यावरचा प्रत्येक थोडक्यात टळलेला अपघात त्याच पद्धतीने रात्री तिच्यात लिहा. चालकाचे वर्णन नको, शिव्या नकोत. ठिकाण, वेळ, उजेड कसा होता आणि काय झाले, एवढेच. दोन महिन्यांनी ती वही उघडाल तेव्हा, माझा अंदाज आहे, बहुतेक नोंदी चार-पाच ठिकाणी गोळा झालेल्या दिसतील: उड्डाणपूल उतरतो आणि खालची वाहतूक येऊन मिळते तो तोंडाचा भाग, दुभाजकातला एखादा पंक्चर, म्हणजे ओलांडण्यासाठी ठेवलेली फट, बसथांब्यापुढे रिक्षांनी अडवलेली डावी लेन. तुमचा प्रसंगसुद्धा उड्डाणपूल उतरतानाचाच आहे, हे लक्षात घ्या. तुम्ही धोकादायक चालक मोजत होता. त्यांतले अनेकजण धोकादायक जागी आलेले सामान्य चालक निघतील. सगळे नाही. पण पुष्कळ.

चालक दर वेळी नवा असतो, जागा तिथेच राहते, म्हणून तिची तक्रार टिकते. रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे ते कार्यालय, म्हणजे महापालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, शहर पोलिसांची वाहतूक शाखा आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समिती, यांना तारीख-वेळेसह नोंदींचा कागद देऊन पोच घ्यावी. महामार्गावरच्या सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमांचे पाच अपघात झाले, अथवा दहा मृत्यू झाले, की तो टप्पा ब्लॅक स्पॉट म्हणून धरला जातो. म्हणजे सरकारी मोजणी रक्त सांडल्यावर सुरू होते, आणि तुमच्या वहीची त्याआधी. एकट्याचे पत्र कोपऱ्यात पडेल ही शंका रास्त आहे, तेव्हा कारखान्याच्या सुरक्षा समितीकडून ते पाठवा; त्याच रस्त्याने शेकडो कामगार रोज येतात. आणि कंपनीच्या बसविषयी तक्रार असेल तर पोलिसांच्याही आधी वाहतुकीचे कंत्राट पाहणाऱ्या तुमच्याच कार्यालयातल्या माणसाला भेटा. उशीर झाल्याबद्दल बसवाल्याचे पैसे कापले जातात का, हे त्याला विचारा. कापले जात असतील, तर बस बेफाम का येते याचे उत्तर तुमच्याच इमारतीत सापडले. वजनकाटा घेऊन बसलेल्या माणसापर्यंत पोहोचण्याची ही एक वाट मला ठाऊक आहे.

गाडी चालवणे सोडू का, असे तुम्ही विचारले आहे. सोडायची गरज नाही. पण ज्या दिवशी साहेबांशी वाजले असेल, झोप झाली नसेल किंवा पोटात काही नसेल, त्या दिवशी कंपनीच्या बसने जाण्यात कमीपणा मानू नका. राग रस्त्यावर तयार होतो असे आपल्याला वाटते. बहुतेक वेळा तो आपण डिकीत घालून घरून किंवा कामावरून आणलेला असतो.

राहिली तुमची पत्नी आणि मुलगी. "तिला रस्त्याची भीती बसली आहे" असे तुम्ही लिहिता, पण मला ते खरे वाटत नाही. रस्त्याची भीती बसलेली बाई एसटीने गेवराईला गेली नसती. आडूळ, पाचोड, शहागड हा तोच सोलापूर-धुळे महामार्ग आहे, तेच ट्रक आहेत आणि हंगामात त्याच उसाच्या ट्रॉल्या आहेत. त्यांनी रस्ता टाळला नाही, चालक बदलला. हे वाचून वाईट वाटेल, पण यात एक दिलासाही आहे, कारण रस्ता सुधारणे तुमच्या हातात नाही आणि चालक सुधारणे आहे. त्यांना "आता बस, मी नीट चालवीन" अशी गळ घालू नका. आश्वासन देण्यापेक्षा एक अधिकार द्या. गाडीत बसल्यावर त्या "बाजूला घ्या" म्हणाल्या की कारण न विचारता, चर्चा न करता, पहिल्या सुरक्षित जागी गाडी बाजूला घ्यायची. पहिल्या महिन्यात त्या हा अधिकार दोनचार वेळा उगाच वापरून पाहतील. वापरू द्या.

आणि मुलीला उत्तर द्या. तिने विचारले तेव्हा विषय बदलला असेल, तर आता बदलू नका. "हो, त्या वेळी मला त्याला मारावेसे वाटत होते, आणि तू मागे होतीस हे मी विसरलो होतो" असे सरळ सांगा. नऊ वर्षांच्या मुलीला हे समजते. तिने ते आधीच पाहिलेले आहे, फक्त तुमच्या तोंडून ऐकलेले नाही.

पुढच्या वेळी तिघे मिळून गेवराईला निघाल तेव्हा उन्हे वर येण्याआधी निघा, म्हणजे रात्रीच्या ट्रॉल्याही नकोत आणि दुपारची डुलकीही नको. शहागडला गोदावरीच्या पुलापाशी चहाला थांबा, घाई असली तरी. मुलीला मागेच बसवा आणि तिचा पट्टा मागच्या सीटवरही लावा. चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याविना बसवले तर एक हजार रुपये दंड आहे, पण तो पट्टा दंडासाठी लावायचा नाही. निघण्याआधी वडिलांना विचारा, येतात का. आले तर पुढची सीट त्यांना द्या.